दर पंधरा मिनिटांनी

लोटनशेठ म्हणाले, बावीस गट आहेत केळीवाल्यांचे,
मी एकटा माणूस कुठे कुठे कान लावू?
तू पुण्याला कॉम्प्युटर शिकलीस ना,
मग बसव काहीतरी.
कुठे आपलं नाव निघालं
की चहा निवायच्या आत मला कळलं पाहिजे.

बसवलं.
चोपड्याच्या बसस्टँडमागे, वरच्या मजल्यावर,
खाली ट्रकमध्ये घडांवर घड रचले जात होते तेव्हा.
दर पंधरा मिनिटांनी ते उठायचं,
बावीसही गट चाळायचं,
मघाशी काय होतं, आता काय वाढलं ते ताडून पाहायचं
आणि माझ्या फोनला चिमटा काढायचं.
शब्द मी दिले होते: भाव, वजन, काटा, करपा
आणि शेठचं आडनाव.

पहिल्या दिवशी एकशे चाळीस चिमटे.
भाव म्हणून कुठल्या भजनी मंडळाचा भक्तिभाव आला.
काटा म्हणून एका पोराच्या टाचेतली बाभूळ,
पहाटेच्या गारठ्याने अंगावर आलेला काटा,
आणि घड्याळाचा मोठा काटा गळालाय, जळगावात मिळेल का?
आडनाव तर महाजन.
आमच्या गल्लीत महाजन म्हणून हाक मारा,
ओट्यावरची निम्मी माणसं ओ देतील.

मग चाळण बारीक केली.
हे नको, ते नको, सणाच्या शुभेच्छा नकोत,
फुलं नकोत, सुविचार नकोत.

आणि ज्या रात्री खरंच शेठवर बोलणं चाललं
त्या रात्री फोन गप्प.
कुणी एवढंच लिहिलेलं:
नाकावर चष्मावाला भू गुनी शे, भो.
खाली अठरा जण हसलेले.
यात ना काटा, ना वजन, ना महाजन.
आमच्याकडे शिवी अशी घालतात
की घेणाऱ्याने आधी नमस्कार करावा.
शेठना ते सकाळी न्हाव्याच्या खुर्चीत कळलं,
एका गालाला फेस असताना.

त्यांनी मला काही म्हटलं नाही.
फक्त चष्मा काढून पुसला, बराच वेळ.

त्याच दिवशी चुका शोधताना
मी गाळलेल्या मजकुराचा ढीग उपसला.
त्यात निंबाआप्पा.
तापीकाठचे. जमीन मुलाकडे, फोनही मुलाचाच जुना.
रोज पहाटे पाचला, सगळ्या गटांत, एक ओळ:
राम राम मंडळी, तापीवर धुकं शे.
किंवा: राम राम मंडळी, आज धुकं नही.
तीन वर्षं. उत्तर कुणाचंच नाही.
मी त्यांना पहिल्याच आठवड्यात नकोच्या यादीत घातलं होतं,
सुविचारांच्या खाली, फुलांच्या वर.

शेवटची ओळ अकरा दिवसांपूर्वीची होती.
अकरा दिवसांत काही वाजलं नाही.
वाजणार कसं?
कुणी काही बोललं की वाजव, असं मी सांगितलं होतं.
बोलणारं माणूस थांबलं तर काय,
हे शेठने विचारलं नव्हतं, मलाही सुचलं नव्हतं.

फोन केला. सहाव्या रिंगला उचलला.
मागे म्हैस ओरडत होती.
आप्पा, बरे आहात ना? लिहिणं का थांबवलं?
म्हणाले, तीन वरीस व्हयनात, कोनी हाव बी म्हनं नही.
देखत व्हतू, कोन इचारस ते.
मग थोडं थांबून,
तू कोनी पोर वं?

कुणाची ते सांगितलं.
यंत्राचं नाही सांगितलं.

आता एक नियम जास्तीचा आहे, शेठच्या खात्यात नसलेला:
सहापर्यंत आप्पांची ओळ आली नाही, तर वाजव.
महिन्याकाठी चारदा वाजतं.
कधी रेंज नसते, कधी डोळाच लागलेला असतो.

आज सहाला वाजलं.
सहा वाजून नऊ मिनिटांनी त्यांचा फोटो आला, आडवा,
अर्धा अंगठा, बाकी सगळं पांढरं.
शब्द एकही नाही.
फोटो त्याला वाचता येत नाही,
सव्वासहाला ते पुन्हा वाजलं.
मी हातानेच बंद केलं
आणि गटात लिहिलं,
हाव आप्पा, धुकं शे.